सवय उंबरठ्यापर्यंतच असावी

प्रश्न : माझे वय ५२. विश्रामबागला राहते आणि सांगलीतल्या गणपती पेठेजवळच्या एका बँकेच्या शाखेत नोकरी करते. यजमानांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे, मुलगी पुण्यात नोकरीला आहे, घराचे कर्ज फिटले आहे. तक्रार करावी असे काही नाही, तरीही कशात गोडी वाटत नाही. मुलगी घरी आली की चार दिवस छान जातात, ती गेली की पुन्हा तेच. पहाटे पाचला उठणे, रोज रात्री कृतज्ञतेच्या पाच ओळी लिहिणे हे प्रयोग करून पाहिले, पण काही आठवड्यांत ते सुटले. रोजचे जगणे अधिक आनंदाचे करतील आणि टिकतील अशा लहान सवयी कोणत्या?

उत्तर : मी मनोविकारतज्ज्ञ असल्याने सवयींकडे वळण्याआधी एक शंका दूर करून घेणे आवश्यक समजतो. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून आनंद मिळेनासा होणे हे नैराश्याच्या आजाराचे एक प्रमुख लक्षण आहे. ही अवस्था सलग दोन आठवडे, बहुतेक सारा दिवस टिकत असेल आणि तिच्या जोडीला झोप वा भूक बिघडणे, विनाकारण थकवा, आपण कुचकामी आहोत असे वाटणे किंवा जगणे नकोसे होणे यांपैकी काही असेल, तर सवयींच्या नादी न लागता थेट उपचार घ्यावेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. शिवाय आपल्या वयाच्या स्त्रीला मी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्या करून घ्यायला सांगतोच, कारण यांतील बिघाड मरगळीच्या रूपाने पुढे येतो आणि घरची माणसे त्याला स्वभाव म्हणून मोकळी होतात. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री घाम येऊन झोप मोडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. अर्धवट झोपेवर कोणतीही चांगली सवय उभी राहत नाही.

मुलगी आल्यावर दिवस छान जातात हे आपले वाक्य मला महत्त्वाचे वाटले. आनंद अनुभवण्याची क्षमता शाबूत आहे, असे ते सुचवते. तेव्हा तपासण्यांतून काही निघाले नाही असे धरून पुढचे लिहितो.

हंगामात मार्केट यार्डात एखादा नवखा माणूस शिरला की हळदीचा वास त्याला पहिल्या पावलाला जाणवतो. आपल्या यजमानांना विचारून पाहावे, त्यांना तो बहुधा येतच नसेल. नाकातील संवेदक आणि मेंदू एकसारख्या येत राहणाऱ्या संदेशाकडे हळूहळू दुर्लक्ष करू लागतात, जेणेकरून काही नवे घडले तर ते चटकन कळावे. मनगटावरचे घड्याळ आणि गरगरणारा पंखा जाणवेनासा होतो तो याचमुळे. फिटलेले कर्ज, नीट चाललेला संसार आणि दुखत नसलेले गुडघे यांच्याही वाट्याला हेच येते. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ही कल्पना सुखाच्या संदर्भात मांडली. पुढे १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लॉटरीच्या २२ विजेत्यांची पाहणी केली, तेव्हा हे विजेते इतरांपेक्षा फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. आपल्या दृष्टीने अधिक बोलका भाग असा की, मित्राशी गप्पा किंवा सकाळची न्याहारी यांसारख्या साध्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत होता. यावरून पैशाने काही साधत नाही असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. स्वीडनमधील विजेत्यांच्या फार मोठ्या आणि अलीकडच्या अभ्यासात त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेच आढळले. आपले कर्ज फिटले ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र आयुष्याविषयी समाधान असणे आणि आजची संध्याकाळ रुचणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि आपला प्रश्न दुसरीविषयी आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि सवयींच्या बहुतेक सल्ल्यांत तिचा उल्लेखही नसतो. एखादी गोष्ट अंगवळणी पडते तेव्हा ती लक्ष न देता होऊ लागते. दात घासण्याच्या किंवा गोळी घेण्याच्या बाबतीत हे सोयीचेच आहे, पण आनंदाला लक्ष लागते. म्हणजे आनंदाची सवय पक्की झाली की तिच्यातला आनंदच उडून जाण्याचा धोका असतो. आपल्या कृतज्ञतेच्या वहीचे हेच झाले असावे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात, ज्यांनी आपल्या भाग्याच्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिल्या त्यांना बरे वाटले आणि ज्यांनी त्या आठवड्यातून तीनदा लिहिल्या त्यांना तसा लाभ दिसला नाही. रोज पाच ओळी भरायच्या म्हटल्यावर चौथ्या दिवसापासून कुटुंब, आरोग्य, नोकरी अशी हजेरी लागू लागते. वही सुटली यात आपला आळस मला दिसत नाही. लिहायचेच असेल तर रविवारी एकदा, एकाच गोष्टीविषयी आणि तपशिलाने लिहावे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी असे सांगतो की, सवय उंबरठ्यापर्यंतच असावी. वेळ, जागा आणि निघण्याची खूण ठरलेली ठेवावी, म्हणजे रोज नव्याने मनाची समजूत घालावी लागत नाही. उंबरठ्यापलीकडे जे घडायचे ते मात्र बदलते राहू द्यावे. ठरलेल्या भागाला किती काळ लागतो, याचे उत्तर लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक खुणेनंतर एक लहान कृती करायला सांगितली होती. ती आपोआप होऊ लागण्याच्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तिगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यांना आढळले. पहिला खंड पडताच ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून सारे सोडून देणारी माणसे मी नेहमी पाहतो, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला.

आपल्यासाठी सर्वांत योग्य उंबरठा मला बँक सुटण्याची वेळ वाटते. बाहेर पडल्यावर गाडीला किल्ली लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पायी फिरायचे, एवढेच ठरवावे. घरी जाऊन पुन्हा बाहेर पडू, असे ठरवणाऱ्या बायका दारातच कुकरच्या शिट्टीत अडकतात. फिरण्याची दिशा मात्र रोज वेगळी असावी. एके दिवशी गणपतीच्या देवळावरून नदीकडे, एके दिवशी हरभट रस्त्याने, तर एके दिवशी आमराईकडे जावे. प्रत्येक फेरीत आधी न पाहिलेली एक गोष्ट हुडकायची, हा एकच नियम ठेवावा. जुन्या वाड्याच्या दारावरची लाकडी कोरीव पट्टी किंवा एखाद्या दुकानाची हाताने रंगवलेली पाटी, काहीही चालेल.

नदीच्या बाबतीत तर सांगलीकरांची एक गंमतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी शहरातील पोरासोरांनाही तोंडपाठ असते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले होते हे कोणीही सांगेल. तीच कृष्णा नोव्हेंबरात किती खाली जाते, डिसेंबरात तिचा रंग कसा पालटतो आणि उन्हाळ्यात कोणत्या घाटाच्या किती पायऱ्या उघड्या पडतात, हे मात्र फारच थोड्यांना सांगता येते. भीतीपोटी ज्या नदीवर आपण इतके बारीक लक्ष ठेवतो, तिच्याकडे भीती नसताना आठवड्यातून एकदा पाहिले तर वर्षभर तिच्यात काही ना काही बदलत असते. घाटाची एक पायरी ठरवून घ्यावी आणि पाणी तिच्यापासून किती अंतरावर आहे ते पाहत जावे. खंड्या बसण्याची जागा बहुधा ठरलेली असते, ती एकदा सापडली की पुढच्या वेळी नजर आपसूक तिकडे जाते. या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह मात्र आवरावा.

रुचीच्या बाबतीत आणखी एक शोध घरबसल्या लागतो. तासगावकडचा एक बेदाणा घ्यावा, नाक चिमटीत घट्ट धरावे आणि तो सावकाश चावावा. गोड आणि किंचित आंबट, एवढेच कळेल. आता नाक सोडून तोंड मिटलेले ठेवावे आणि श्वास नाकावाटे बाहेर सोडावा. बेदाण्याची ‘बेदाणा’ म्हणून असलेली सारी ओळख त्या उच्छ्वासाबरोबर येते. बडीशेपेवर हाच प्रयोग आणखी ठळकपणे जमतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-चविष्ट अशा मोजक्याच रुची कळतात. बाकी ज्याला आपण स्वाद म्हणतो तो घशामागून नाकात जाणारा गंध असतो, आणि तो मुख्यतः श्वास बाहेर सोडताना पोहोचतो. घाईघाईने घास गिळणाऱ्या माणसाला जेवणातला मोठा भाग मिळतच नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावण्याचा उपदेश मी करणार नाही, तो कोणी पाळत नाही. जेवणातील पहिले तीन घास फोन बाजूला ठेवून आणि श्वास नाकावाटे सोडत खावेत, पुढचे जेवण नेहमीसारखे करावे. तव्यावरून आत्ताच उतरलेली शाळूची भाकरी आणि अर्ध्या तासाने खाल्लेली भाकरी यांच्या वासातला फरक या तीन घासांत कळतो.

मात्र येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या घरातील बहुतेक स्त्रिया गरम भाकरी दुसऱ्यांच्या ताटात वाढतात आणि स्वतः शेवटी निवलेली खातात. चहा करणारीचा चहा इतरांना देता देता निवतो. अशा घरात बाईला आस्वादाचे धडे देणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम लादणे होय. तेव्हा आपल्या घरातली पहिली सवय यजमानांनी लावून घ्यावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. दिवसातला एक चहा त्यांनी करावा आणि तो आपण बसून प्यावा. व्यापारात मुरलेल्या माणसाला चहापत्तीचे प्रमाण जमायला फार दिवस लागत नाहीत.

आता आवडीच्या गोष्टीत मुद्दाम पाडायच्या खंडाविषयी लिहितो, कारण माझ्या मते या साऱ्या विषयात सर्वांत प्रभावी आणि सर्वांत स्वस्त साधन तेच आहे. जोर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना चॉकलेट खायला दिले. मग काहींना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितले, काहींना घरी नेण्यासाठी भरपूर चॉकलेट देऊन हवे तितके खायला सांगितले आणि काहींना काहीच सूचना दिली नाही. आठवड्याने पुन्हा चॉकलेट दिले तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांनी त्याचा आस्वाद सर्वांत अधिक घेतला. आपल्याकडे हे शास्त्र पंचांगातच बसवलेले आहे. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असे सारे पोटभर खायचे आणि दोन दिवसांनी चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगी बंद करायची. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा ताटात यायचे. ज्यांनी चार महिने वांगे खाल्लेले नाही, त्यांना त्या भरिताची चव वेगळी सांगावी लागत नाही. पालीच्या खंडोबाचे कुलाचार पाळणाऱ्या आपल्या भागातील घरांत हे मी अनेकदा ऐकले आहे. अक्षय तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा न खाणाऱ्या घरांतही हेच घडते. यामागचा धार्मिक हेतू ज्याने त्याने मानावा. मनावरचा परिणाम मात्र प्रयोगशाळेत दिसला तोच आहे. आमरस शीतकपाटात साठवून बारा महिने खाण्याची सोय आता झाली आहे, आणि माझ्या मते आंब्याचे जेवढे नुकसान या सोयीने केले तेवढे अवकाळी पावसानेही केले नसेल.

आपण बँकेत दिवसाला चार-पाच कप चहा घेत असाल. त्यांतील बहुतेक कपांची आठवणही राहत नाही, ते हाताला मिळालेले निमित्त असते. दोन कप ठेवून बाकीचे सोडावेत. उरलेल्या दोनांचे काय होते, ते आठवड्याभरात कळेल. एखादी मालिका एका बैठकीत संपवण्याऐवजी रोज एक भाग पाहावा, आवडत्या गाण्याला महिनाभर सुट्टी द्यावी. लाइफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांच्या २००८ च्या प्रयोगांत असे दिसले की, सुखद अनुभव मध्येच थोडा थांबवला तर पुन्हा सुरू झाल्यावर अधिक सुखाचा वाटतो आणि त्रासदायक अनुभव थांबवला तर तो अधिक त्रासाचा होतो. आपण नेमके उलट वागतो. कपाट आवरताना दहा वेळा उठतो आणि श्रीखंडाची वाटी एका दमात संपवतो. कंटाळवाणी कामे सलग उरकावीत आणि आवडीच्या गोष्टीत मुद्दाम विसावा घ्यावा.

मिरज आपल्याला अगदी जवळ आहे, म्हणून कानाचाही एक शोध सुचवतो. मिरजेच्या सतारमेकरांकडे तानपुरा तयार होताना पाहण्यासारखा असतो. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा साधली जाते. त्यामुळे तार घोडीला हलकेच चाटत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमलतात. यालाच जवारी म्हणतात. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार छेडून ती पूर्ण विझेपर्यंत ऐकावी. काही वेळाने तिच्यात गंधार, म्हणजे सा-रे-ग-म मधला ‘ग’, ऐकू येऊ लागतो, वास्तविक कोणतीही तार गंधारात लावलेली नसते. गाण्यातले काही कळत नसले तरी हे ऐकू येते, मात्र पहिल्या खेपेला थोडा धीर धरावा लागतो. एकदा हा गंधार कानाला सापडला की पुढे कोणत्याही मैफलीत तो आपण होऊन भेटतो. दुकानदाराचा वेळ मोकळा असेल अशा दुपारी मुलीला घेऊन जावे. तोवर फोनवरचा तानपुराही चालेल, पण त्याच्या बारीक स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही म्हणून कानाला हेडफोन लावावेत.

आकाशाचा शोध त्याहून सोपा आहे. संकष्टीला भूक लागलेली सारी सांगली चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहते आणि गच्चीवर जाते, इतर दिवशी चंद्र कधी उगवला याची कोणाला पर्वा नसते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा येतो. म्हणूनच चतुर्थीला उपास सोडायला रात्र होते, आणि ऋतूनुसार ती वेळ पुढे-मागे सरकते. एवढे एक गणित माहीत झाले की तिथीवरून चंद्र कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो खरा ठरला की मुलांसारखा आनंद होतो. वीज गेली तर घरात मेणबत्ती शोधत बसण्यापेक्षा गच्चीवर जावे. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्या काळात फोनचा पडदा एकदा जरी पाहिला तरी सारी मेहनत फुकट जाते.

माणसांचा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण त्याविषयी सल्ले उदंड मिळतात आणि बहुतेक ‘मित्र जोडा’ एवढ्यावर थांबतात. पन्नाशीनंतर नवा जिवलग मित्र जोडणे सोपे नाही. परंतु ओळखीपाळखीच्या माणसांशी होणाऱ्या दोन-चार वाक्यांनाही मोल असते. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवले की, कॉफी विकणाऱ्याशी नजर मिळवून, हसून दोन शब्द बोलणाऱ्यांना झटपट काम उरकणाऱ्यांपेक्षा अधिक बरे वाटले. त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमधील प्रवाशांवर प्रयोग केला. अनोळखी शेजाऱ्याशी बोलणे कंटाळवाणे होईल असा लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा सुखाचा झाला. पूर्वी मंडईत सुट्या पैशांच्या निमित्ताने चार वाक्ये होत असत. आता फोन समोर धरला की व्यवहार मुकाट्याने पुरा होतो. मी फोनवरून पैसे देण्याच्या विरोधात नाही, पण त्यात गमावलेले बोलणे मुद्दाम भरून काढावे लागते. भाजीवालीला ‘कशी दिली?’ याखेरीज काहीतरी विचारावे. शेपूला मुगाची डाळ बरी की हरभऱ्याची, घोळीची भाजी कशी परततात, पोकळा कोठून आला, या प्रश्नांची उत्तरे तिला घरी केलेल्या अनुभवातून येतात आणि ती सहसा सांगायला उत्सुक असते. वडापमध्ये, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीत, शेजारी बसलेल्या बाईशीही हेच करता येते. एकटेपणाच्या गंभीर त्रासावर हा इलाज नाही, पण त्या दिवसाची संध्याकाळ त्याने निश्चित बदलते.

फोटो काढावेत की नाही, असे कासच्या पठारावर जाऊन आलेले लोक मला विचारतात. फोटो काढल्याने आनंद उणावतोच असे नाही. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणारा माणूस अधिक बारकाईने पाहतो, असे प्रयोग सांगतात. तो इतरांना दाखवण्यासाठी काढला जातो तेव्हा मात्र लक्ष पाहणाऱ्यांच्या मताकडे जाते आणि मजा ओसरते. पावले मोजण्याचेही असेच आहे. आवडीने चालणाऱ्याला सतत आकडा दाखवला तर तो अधिक चालतो, पण चालणे त्याला काम वाटू लागते. बँकेतून निघाल्यावरच्या आपल्या फेरीत पावले मोजू नयेत.

आपण विचाराल की यांतील किती गोष्टी एकदम सुरू कराव्यात. दोनच. पहिली कार्यालयानंतरची फेरी आणि दुसरी चहाचे कप कमी करणे, कारण एकीला वेळ लागतो आणि दुसरीत वेळ वाचतो. भर पावसाळ्यात फेरी जमणार नाही, तेव्हा तेवढाच वेळ मंडईच्या छपराखाली किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात घालवावा, पण किल्ली लावण्याआधीचा उंबरठा मोडू नये. बाकीच्या गोष्टी रविवारसाठी ठेवाव्यात आणि त्यांची यादी करू नये.

याच्या जोडीला फक्त पंधरा दिवसांपुरती एक वही वापरावी. मनोपचारात ही पद्धत आम्ही नियमित वापरतो. एखादी गोष्ट करण्याआधी तिच्यातून किती आनंद मिळेल असे वाटते, ते शून्य ते दहाच्या मापात लिहायचे आणि ती झाल्यावर प्रत्यक्ष किती मिळाला ते शेजारी लिहायचे. गोडी हरवलेल्या माणसाचा आधीचा आकडा बहुधा फार खाली असतो, आणि तो त्या आकड्यावर विसंबून घरी बसतो. हुरूप आल्यावर काही करू, असे तो म्हणत राहतो. पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर जे काम केले, त्यातून कृती आधी आणि हुरूप मागून, हा क्रम उपचारात रुजला. सुखद वाटू शकणाऱ्या ३२० लहानमोठ्या गोष्टींची यादीच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तयार केली होती. आपल्या वहीत दोन आकड्यांत वारंवार अंतर दिसले, तर पुढच्या खेपेला आधीच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून निघावे. पंधरा दिवसांनंतर मोजणे थांबवावे, नाहीतर पावलांचे जे होते तेच आनंदाचेही होईल.

आणि प्रत्यक्षातला आकडाही जवळजवळ प्रत्येक वेळी दोनच्या खालीच राहिला, मुलगी आल्यावरही वर चढला नाही, तर आरंभी लिहिलेल्या आजाराची शक्यता पुन्हा विचारात घ्यावी लागेल. तसे झाल्यास महिनाभर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि जाताना ती वही आणि तपासण्यांचे अहवाल बरोबर न्यावेत. पहिल्याच भेटीत अंदाजाने विचारावे लागणारे बरेच प्रश्न त्यामुळे वाचतात.